ऑस्टिन सेव्हन ‘चमी’ टूरर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची माहिती १९२३ ते १९३० च्या दरम्यानच्या उघड्या, चार जणांच्या ऑस्टिन सेव्हन या छोट्या ब्रिटिश मोटारीबद्दल आहे. नंतरच्या बंद गाड्यांना, विशेषतः ‘रुबी’ला, यातलं बरंच लागू होतं, पण सगळं नाही.

‘चमी’ म्हणजे नेमकी कोणती गाडी?

पुढे दोन मोठी माणसं, मागे दोन मुलं आणि वर कापडी टप. आसनं इतकी जवळ की चौघांनी खेटूनच बसायचं, त्यावरून ‘चमी’ (इंग्रजीत दोस्तीतलं, सलगीचं) हे लाडकं नाव पडलं. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर ६ फूट ३ इंच आणि रुंदीला चाकांमधलं अंतर ३ फूट ४ इंच. सांगाडा इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखा असून त्याचं टोक पुढे येतं. पुढच्या आसावर आडवा एकच पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) असतो. मागे दोन अर्धवट पाटे सांगाड्याच्या शेपटातून बाहेर येतात. मोठ्या गाडीचं लहान रूप असं हिचं वर्णन केलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. पत्रा आणि वजन वाचवण्यासाठी हिची आखणी मुळापासून वेगळी केलेली आहे.

एवढी लहान गाडी काढायचं कारण काय?

कर, आणि ऑस्टिन कंपनीची हलाखी. १९२१ पासून ब्रिटनमध्ये गाडीवर दर अश्वशक्तीमागे वर्षाला १ पौंड कर बसला. ही अश्वशक्ती खरी मोजलेली नसायची. सिलिंडरचा व्यास इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरच्या संख्येने गुणायचं आणि २.५ ने भागायचं. २.२ इंच व्यासाच्या चार सिलिंडरना पावणेआठच्या आसपास आकडा येतो, म्हणजे कर ८ पौंड. या सूत्रात स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरमधला पिस्टनचा प्रवास, मोजलाच जात नाही. म्हणून त्या काळची ब्रिटिश इंजिनं अरुंद आणि उंच झाली. सेव्हनचा स्ट्रोक ३ इंच आहे आणि इंजिन ७४७ सीसीचं.

त्याच वर्षी कंपनी रिसीव्हरच्या, म्हणजे कर्जबाजारी कंपनीवर नेमलेल्या प्रशासकाच्या, ताब्यात गेली होती. महायुद्धानंतर एकाच मोठ्या ‘ट्वेंटी’ मॉडेलवर भिस्त ठेवली आणि ते पुरेसं खपलं नाही. हर्बर्ट ऑस्टिन यांना छोटी गाडी काढायची होती, संचालक मंडळाला ते पटेना. मग त्यांनी कारखान्यातल्या स्टॅनली एज या १८ वर्षांच्या ड्राफ्ट्समनला आपल्या ‘लिकी ग्रेंज’ या घरी आणलं आणि बिलियर्ड्सच्या खोलीत आराखडे सुरू केले. खर्च स्वतःच्या खिशातून केला, म्हणून पुढे दर गाडीमागे २ गिनी (एक गिनी म्हणजे २१ शिलिंग) मानधन त्यांना मिळत राहिलं. जुलै १९२२ मध्ये गाडी जाहीर झाली. १९३९ पर्यंत सुमारे २ लाख ९० हजार सेव्हन बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज कारखान्यातून बाहेर पडल्या. साइडकार लावलेल्या मोटरसायकलवर कुटुंब लादून फिरणाऱ्या माणसाला यांनी चार चाकांवर बसवलं.

आजच्या रस्त्यावर ही किती वेगाने चालवावी?

सपाटीवर ८० च्या आसपास ती जाते, पण ६५ किलोमीटरच्या पुढे रोज नेऊ नये. २६ इंची चाक आणि मागच्या आसाचं ४.९ प्रमाण धरलं तर ६५ ला इंजिन मिनिटाला साधारण २,५५० फेरे घेतं. त्याच्या बरंच वर गेलं की दोन बेअरिंगचा क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) मधोमध वाकायला लागतो. पेट्रोल लिटरला १४ ते १७ किलोमीटर देतं. यापेक्षा फारच कमी मिळत असेल तर आधी प्रज्वलनाची वेळ आणि ब्रेक घासतोय का ते पाहा, कार्ब्युरेटरला नंतर हात लावा.

विकत घेताना सर्वात आधी काय तपासायचं?

गाडी खरोखर चमी आहे का, हे. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो स्वस्त सेव्हनची शरीरं काढून त्यांवर स्पर्धेच्या ‘स्पेशल’ गाड्या बांधल्या गेल्या. नंतर चमीला भाव आला, तेव्हा त्यांतल्या कित्येक सांगाड्यांवर नवीन चमी शरीरं चढवली गेली. त्यात वाईट काही नाही, फक्त किंमत त्या हिशेबाने द्यावी. सांगाड्यात ठोकलेला क्रमांक, पाटीवरचा गाडी क्रमांक आणि इंजिन क्रमांक हे तीन वेगवेगळे आकडे आहेत. ते एकाच काळातले आहेत का हे ऑस्टिन सेव्हन क्लब्स असोसिएशनच्या संग्रहातून पडताळता येतं.

त्यानंतर जॅक लावून खाली जा. मागचे पाटे जिथे सांगाड्यात शिरतात तिथला गंज, पुढच्या टोकाजवळची चीर, आणि सिलिंडर ब्लॉकवर पाणी गोठून तडकलेल्या जागेची जुनी वेल्डिंग शोधा. हेड उघडायला परवानगी मिळाली तर व्हॉल्व्हची सीट आणि सिलिंडर यांमधली भिंत भिंगाने पाहा. केसासारखी रेघ तिथेच दिसते. चकचकीत रंग आणि नवं कातडं बघून भुलू नका. रंगाचा खर्च डोळ्यांना दिसतो, क्रँकचा दिसत नाही.

क्रँकचं एवढं काय?

या गाडीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं, म्हणून जरा सविस्तर.

क्रँकला पुढे एक आणि मागे एक आधार आहे, मधे काही नाही. मधलं तिसरं बेअरिंग १९३६ साली आलं. दोन्ही टोकांना रोलर-बॉल बेअरिंग असल्यामुळे त्यांना दाबाने ऑइल लागत नाही. बिग एंड (पिस्टनचे दांडे क्रँकला जोडणारी बेअरिंगं) मात्र व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूचे आहेत आणि त्यांना ऑइल पोचतं ते पिचकारीने. क्रँककेसमधल्या दोन जेटमधून धार निघते, ती क्रँकच्या बाजूला कोरलेल्या खोबणीत पडते आणि फिरण्याच्या जोराने बाहेरच्या बाजूला, म्हणजे बिग एंडकडे, ढकलली जाते. ही युक्ती स्वस्त आणि हुशार आहे, पण फक्त जेट स्वच्छ असेपर्यंत. एक जेट तुंबलं की त्याच्या वाट्याचे दोन बिग एंड थोड्या किलोमीटरांत वितळतात.

जुन्या क्रँकची पिन १ १/८ इंच जाडीची. नंतर ती १ ५/१६ झाली. बारीक क्रँक शंभर वर्षं वाकत-सरळ होत आलेला आहे, त्यामुळे इंजिन उघडलं की चुंबकीय पावडरने चीर तपासल्याशिवाय तो परत बसवू नये. चीर बहुधा पिन आणि बाजूची पट्टी मिळतात त्या कोपऱ्यात पडते. ग्राइंडिंग करणाऱ्याला तो कोपरा गोल ठेवायला बजावा. काटकोनी केला की क्रँक तिथूनच तुटतो. चीर सापडली तर वेल्डिंगचा विचार सोडा. आजच्या पोलादाचा नवीन क्रँक मिळतो, महाग असतो, आणि गाडी वापरायची असेल तर दुसरा मार्ग नाही.

व्हाइट मेटल नव्याने ओतल्यावर बिग एंडला एक ते दीड थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) इतकीच मोकळीक ठेवावी. त्याहून जास्त ठेवली तर ऑइल टिकत नाही, आणि जेटच्या धारेत तूट भरून काढायची ताकद नाही.

ऑइलचा दाब जवळपास शून्य दाखवतो. इंजिन गेलं का?

नाही. गरम इंजिनावर चौरस इंचाला २ पौंड दाब असेल तरी ते ठणठणीत असतं. आधुनिक गाडीची सवय असलेला माणूस इथे घाबरतो आणि दाब वाढवायला जेट बारीक करतो. दाबाचा आकडा वाढतो, बिग एंडला जाणारं ऑइल कमी होतं, आणि महिन्याभरात ठोका सुरू. दाब किती हा प्रश्नच इथे दुय्यम. धार येते का, ते पाहायचं.

त्यासाठी क्रँककेसच्या बाजूचे दोन प्लग काढा, मागे जेट आहेत. मऊ तांब्याची तार घालून साफ करा, पोलादी तारेने भोक रुंद होतं. मग स्पार्क प्लग काढून हँडल फिरवा आणि दोन्हीकडून सारखंच ऑइल येतंय ना याची खात्री करा. दर ऑइलबदलाला हे करावं.

कोणतं ऑइल, किती?

संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) साधारण सव्वादोन लिटर बसतं. २० डब्ल्यू ५० खनिज ऑइल किंवा साधं एसएई ३०. गाडीला आजच्यासारखा फिल्टर नाही, त्यामुळे १,५०० किलोमीटरला ऑइल बदलणं ही उधळपट्टी नव्हे. मात्र एक सावधगिरी हवी. वर्षानुवर्षं साधं ऑइल पिऊन आतून काळ्या थराने माखलेल्या इंजिनात एकदम आधुनिक डिटर्जंट ऑइल घातलं, तर तो थर सुटून जेटमध्ये जाऊन बसतो. आधी संप उतरवून हाताने साफ करा.

हँडल मारून सुरू करायची बरोबर पद्धत कोणती?

गिअर न्यूट्रलला, हातब्रेक ओढलेला, पेट्रोलचा कॉक उघडा. मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या यंत्राच्या) गाडीत प्रज्वलनाची दांडी पूर्ण मागे घ्या. हे विसरलात तर हँडल उलट फटका मारतं आणि मनगट मोडतं. चोक ओढून, स्विच बंद ठेवून दोन-तीन फेरे द्या, म्हणजे पेट्रोल आत ओढलं जाईल. मग स्विच चालू करा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, दांडीभोवती गुंडाळू नका. हँडल खालून वर झटक्याने ओढा, वरून खाली कधीच दाबू नका. इंजिन धरलं की दांडी पुढे आणा.

धरत नसेल तर जुळवणीचे आकडे असे : टॅपेट ४ ते ६ थाऊ, प्लगची फट २० थाऊ, कॉइलच्या गाड्यांत पॉइंट १० ते १२ थाऊ. स्फोटाचा क्रम १-३-४-२. मॅग्नेटो थंड असताना ठिणगी देतो आणि गरम झाल्यावर बंद पडतो, ही तक्रार बहुतेक वेळा आतल्या कंडेन्सरची असते. मॅग्नेटो नवीन वेटाळायला देताना कंडेन्सरही बदलायला सांगा.

क्लच एकतर सुटतो किंवा धरतो, मधलं काही नाही. बिघाड आहे का?

बिघाड नव्हे, ती आखणीच तशी आहे. पेडलचा उपयोगी प्रवास जेमतेम अर्धा इंच. टाच जमिनीवर टेकवून फक्त चवड्याने पेडल चालवा. सुटताना अॅक्सिलरेटर जवळजवळ न दाबता क्लच हळू सोडा, गाडी हलली की मग पेट्रोल द्या. आधी इंजिनाचा वेग वाढवून मग क्लच सोडलात तर गाडी बेडकासारखी उडी मारते.

पेडल बरोबर असूनही क्लच घसरत असेल तर ऑइल गळून आत गेलेलं आहे. मागच्या बेअरिंगला नीट सील नाही, ऑइल परत फेकणारी चकतीच सगळं सांभाळते. संप गरजेपेक्षा जास्त भरला की ऑइल मागे चढतं. पातळी खुणेवर ठेवा आणि क्लचच्या घरातलं निचऱ्याचं भोक मोकळं करा. पूर्वी लोक क्लचवर मुलतानी मातीसारखी शोषक माती उडवून घरी पोचायचे. ती युक्ती आजही चालते, पण त्याने घरापर्यंतच पोचता येतं.

गिअरबॉक्स तीन गिअरचा आणि सिंक्रोमेशशिवाय (गिअर आपोआप जुळवून घेणाऱ्या सोयीशिवाय) आहे. वर जाताना क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, क्षणभर थांबा, पुन्हा दाबा, गिअर टाका. खाली येताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना इंजिनाला थोडं पेट्रोल द्यायचं. दात वाजले तर घाई झाली, इतकाच त्याचा अर्थ.

ब्रेक लागतच नाहीत!

लागतात, पण तुम्हाला वाटतं तिथे नाही. १९३० पर्यंतच्या गाड्यांत पायाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांवर आणि हाताचा ब्रेक फक्त पुढच्या चाकांवर काम करतो. म्हणजे घाईच्या वेळी हात-पाय दोन्ही हवेत. १९३० च्या मध्यापासून दोन्ही जोडले गेले.

जुळवणी करताना चारही चाकं उचला. ड्रम गोल आहेत का ते आधी पाहा, पातळ पत्र्याचे असल्यामुळे ते अंडाकृती होतात आणि ब्रेक लचके खात लागतो. लेथवर हलका हात मारून घ्या. लाइनिंग मऊ, विणलेल्या प्रकारचं निवडा. आजचं कडक लाइनिंग या थंड, हलक्या ब्रेकमध्ये कधी चावतच नाही. दोरांच्या आवरणात ग्रीस भरलेलं नसेल तर पावसात पाणी शिरून एक बाजू अडकते आणि गाडी तिकडेच ओढते. एवढं सगळं केल्यावरही पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. पुढे चाललेल्या टॅक्सीचे ब्रेक तुमच्यापेक्षा चांगले आहेत, हे विसरू नका.

मागच्या चाकातून ‘टक’ असा आवाज येतो. चालवत राहू का?

थांबा. हब निमुळत्या हाफ शाफ्टवर (चाक फिरवणाऱ्या दांड्यावर) बसतो आणि एक ‘की’ (खोबणीत बसणारा धातूचा छोटा तुकडा) त्याला जागेवर ठेवते. ताकद खरं तर निमुळत्या पकडीने वाहून न्यायची असते, कीने नाही. नट ढिला झाला की हब कीवर हिसके देतो, खोबण रुंद होते आणि एक दिवस शाफ्ट खोबणीपाशी तुटतो. मग चाक एकटंच पुढे निघून जातं. उपाय असा : की काढून हब आणि शाफ्ट बारीक ग्राइंडिंग पेस्टने एकमेकांवर घासा, सगळीकडे सारखा राखाडी पट्टा उमटेपर्यंत. पेस्ट पूर्ण धुऊन काढा. की बाजूंनी घट्ट हवी, पण तिच्या डोक्यावर मोकळी जागा हवी. नट पूर्ण ताकदीने आवळा, ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, आणि स्प्लिट पिन नवीन घाला.

स्टीअरिंग सैल आहे, नवं घ्यावं लागेल का?

बहुधा नाही. स्टीअरिंग बॉक्समधलं चाक पूर्ण गोल आहे आणि वापर फक्त त्याच्या पाव भागाचा होतो. ते उचलून ९० अंश फिरवलं की न झिजलेले दात समोर येतात. पूर्वीच्या मालकांनी हे किती वेळा केलंय तेवढं बघून घ्या. गाडी सरळ चालत नसेल तर किंग पिनचे (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिचे) बुश आणि पुढचे आधारदांडे जिथे मिळतात तो बॉल जोड आधी तपासा.

मुंबई-पुण्याच्या वाहतुकीत पाणी उकळतं. पंप बसवू का?

पंप मुळात नाहीच. गरम पाणी वर चढतं, थंड खाली उतरतं, त्यावरच सगळं चालतं. म्हणून पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाच्या वर हवीच. थोडीशी खाली गेली तरी प्रवाह पूर्ण थांबतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. उरलेल्या गाळाच्या असतात. ब्लॉकच्या बाजूची पाण्याची नळी उतरवा आणि आतला चिखल तारेने खरवडून काढा, रेडिएटर उलटा करून धुवा. प्रज्वलन मागे राहिलं असेल तरीही इंजिन तापतं. हे सगळं ठीक असताना उकळत असेल तरच रेडिएटरचा गाभा बदलण्याचा खर्च करा.

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालेल का?

ऑक्टेनची काळजी नको, कॉम्प्रेशन ५ : १ च्याही खाली आहे. त्रास रबराचा आणि टाकीचा. इथेनॉल जुनी नळी मऊ करतं आणि टाकीतला जुना थर सोडवून कार्ब्युरेटरमध्ये आणतं. चमीची टाकी बॉनेटखाली, इंजिनाच्या मागे असते आणि पेट्रोल उताराने खाली येतं. त्यामुळे कॉकमधून ठिबकणारा थेंब गरम इंजिनाजवळ पडतो. कॉकचं बूच बदला, इथेनॉल सोसणारी नळी घाला, आणि गाडी उभी करताना कॉक बंद करायची सवय लावा. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ होतं, मुख्य जेट एक माप मोठं घेतलं की इंजिन शांत चालतं.

वायरिंगमध्ये काय चुकतं?

गाडी ६ व्होल्टची आहे. तेवढ्याच दिव्याला १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून वायर जाड हवी. बाजारातली बारीक वायर घालून दिवे मिणमिणले की लोक डायनॅमोला दोष देतात. शिवाय बॅटरी काढून इंजिन चालवू नका. तिसऱ्या ब्रशच्या डायनॅमोला आवर घालायला बॅटरीच असते, ती नसेल तर व्होल्टेज चढून वेटोळं जळतं.

आमचे पाने नटांवर घसरतात.

कारण ते मिलिमीटरचे आहेत. या गाडीत मुख्यतः बीएसएफ आटे आहेत, अॅल्युमिनियममध्ये व्हिटवर्थ आणि लहान भागांत बीए, ही सगळी जुनी ब्रिटिश मापं. त्या मापांच्या पान्यांचा एक जुना संच घ्या. अॅल्युमिनियमच्या क्रँककेसमधला स्टड जोर लावून पिळला की आटे बाहेर येतात, त्यामुळे आधी गरम करा.

किती नवं करायचं?

जेवढं सुरक्षिततेला लागेल तेवढं. क्रँक, ब्रेक, स्टीअरिंग आणि मागचे हब यांत तडजोड नको. पण शरीरावरचे मूळ अॅल्युमिनियमचे पत्रे थोडे वेडेवाकडे असले तरी टाकून देऊ नका, कारखान्यातूनही ते आरशासारखे सपाट निघत नव्हते.

महाराष्ट्रात नोंदणी कशी होते?

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणी ५,००० रुपये. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. ही गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. ब्रिटनमधल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबची ‘व्हिंटेज’ची व्याख्या वेगळी आहे, तिथे १९३० च्या अखेरपर्यंतच्याच गाड्या त्यात मोडतात.

या छोट्या गाडीच्या वारशाबद्दल एवढं का बोललं जातं?

आयझेनाखच्या डिक्सी कारखान्याने परवाना घेऊन ही गाडी जर्मनीत बांधली. १९२८ मध्ये बीएमडब्ल्यूने तो कारखाना विकत घेतला आणि तिची पहिली मोटारगाडी म्हणजे ही सेव्हनच. विल्यम लायन्स यांनी १९२७ मध्ये ब्लॅकपूलला सेव्हनवर देखणं ‘स्वॅलो’ शरीर चढवलं, त्या धंद्यातून पुढे जॅग्वार उभी राहिली. अमेरिकेत बटलर, पेनसिल्व्हेनिया इथे बांधलेल्या सेव्हनची कंपनी नंतर ‘बँटम’ झाली आणि १९४० मध्ये तिने जीपचा पहिला नमुना तयार केला. लोटसचे कॉलिन चॅपमन आणि ब्रूस मॅकलॅरन या दोघांचीही पहिली शर्यतीची शाळा सेव्हनच होती.

आपल्याकडचा धागा जरा लांबचा, पण खरा. ऑस्टिन आणि मॉरिस १९५२ मध्ये एकत्र येऊन बीएमसी झाली, आणि त्या घराण्याचं १,४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन आपल्या अॅम्बॅसॅडरमध्ये वर्षानुवर्षं धावलं. १९५९ ची मिनीही सुरुवातीला ऑस्टिनच्या दुकानात ‘सेव्हन’ याच नावाने विकली गेली.

पावसाळ्याचे चार महिने गाडी उभी ठेवायची तर?

ऑइल उभी करण्याआधी बदला, नंतर नाही. जुन्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंग खातं. पेट्रोल काढून टाका. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून हँडलने दोन फेरे द्या आणि दर पंधरा दिवसांनी तेच करा. सांगाडा ठोकळ्यांवर चढवून टायरवरचा भार काढा. हातब्रेक सैल ठेवा, नाहीतर लाइनिंग ड्रमला चिकटतं. दमट हवेत क्लचही असाच चिकटतो. म्हणून पेडल दाबून आसनाच्या चौकटीला लाकडी पट्टीचा टेकू द्या. प्लॅस्टिकची ताडपत्री टाकू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर पुरते.